लग्नपत्रिकांचा खोका

माझी सगळी नोकरी नागपुरात, सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात झाली. छपाईआधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, हे माझं काम. त्यात लग्नपत्रिकाच जास्त. निवृत्त झालो तेव्हा नमुन्याच्या पत्रिकांनी भरलेला एक खोका घरी घेऊन आलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, लोकाईच्या लग्नाच्या पत्रिका घरात ठेवून काय करता?" खोका दिवाणाखाली गेला आणि मी त्याला विसरलो.

माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे. चार वर्षांची असल्यापासून ती घडाघडा वाचते. दुकानांच्या पाट्या, मसाल्याची पाकिटं, गॅसच्या पुस्तकातल्या सूचना, काही सोडत नाही. बोलायलाही ती छापील मजकुरातूनच शिकली. त्यामुळे आमच्या घरात सगळे "मले दे, तुले देतो" करत असताना ही मात्र म्हणते, "आबाजी, कृपया बाजूला सरकावे." पाहुणे हसतात. आम्हाला सवय झाली आहे.

वाचायची सगळं, पण वाचलेल्यावर विचारलं की बोलणं बंद. "ससा काहून रडला?" असं विचारलं तर ती "ससा काहून रडला" एवढंच परत म्हणायची. तिला शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला समजावलं की वाचताना मध्ये थांबा, पुढे काय होईल ते विचारा, हळूहळू अंदाज बांधायची सवय होईल. मी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलो. एका पानाशी थांबलो आणि विचारलं, "आता पुढे काय होईल?"

तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पुढच्या पानावर आहे."

उत्तर चूक होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? महिनाभर असंच चाललं. शेवटी ती मला पुस्तक घेऊन येताना पाहूनच गॅलरीत निघून जायची.

मग एका दुपारी ती दिवाणाखाली शिरली आणि खोका ओढून बाहेर आली. पत्रिका आधी रंगाप्रमाणे लावल्या, मग मोठ्यानं वाचायला लागली. दोन तास हलली नाही. ताईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. "काका, तिनंच पुस्तक निवडलंय. यातलेच प्रश्न विचारा."

त्यांनी मला तीन चिठ्ठ्या करायला सांगितल्या. एकीवर "लिहिलं आहे", दुसरीवर "लिहिलं नाही पण कळतं", तिसरीवर "माहीत नाही". मी प्रश्न विचारायचा, तिनं उत्तर द्यायचं आणि ते कुठून मिळालं ती चिठ्ठी उचलायची. लग्न किती वाजता? पहिली चिठ्ठी. नवरी उंच आहे का? तिसरी. ही तिसरी चिठ्ठी तिला फार आवडली. आधी उत्तर येत नसलं की ती कान दाबून ओरडायची. आता चिठ्ठी उचलून टेबलावर आपटायची आणि मोकळी व्हायची.

दुसऱ्या चिठ्ठीला मात्र ती हात लावत नव्हती.

एका पत्रिकेच्या खाली छापलं होतं, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्याखाली भाच्याचं नाव, वय दीड वर्ष. मी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" तिनं भाच्याच्या नावावर बोट ठेवलं. मी पुढची पत्रिका उचलली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना ती एकदम म्हणाली, "दीड वर्षाच्या बाळाला लिहिता येत नाही. मोठ्या माणसाने लिहिले आहे." मग उठून दुसरी चिठ्ठी घेऊन आली.

सूनबाई कढई तशीच ठेवून बाहेर आली. "बाबा, काय म्हणाली ते आयकलं का?" मी ऐकलं होतं. आयुष्यभर ती ओळ शेकडो पत्रिकांत वाचली होती, आणि हा विचार मला एकदाही आला नव्हता.

त्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. अक्षता, कुंकू, सगळं रीतसर. मी पत्रिका वाचली, छान झाली म्हणालो. नातीनं ती माझ्या हातातून घेतली.

"चूक," ती म्हणाली.

शेजारी हसले. "कुठं बेटा? घरातल्या सात जणाईनं वाचली आहे."

"हळद मंगळवारी, सतरा तारखेला. लग्न अठरा तारखेला, गुरुवारी. मंगळवारनंतर बुधवार येतो."

आम्ही दोघं मोठी माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धावलो. अठराला बुधवार होता. शेजारी मटकन खुर्चीत बसले. "लग्न बुधवारीच आहे काकाजी! मजकूर मीच लिहून देल्ला होता. आता काय करू?"

"आतापर्यंत किती वाटल्या?"

"तुमच्यापासूनच सुरुवात केली ना."

मी इतका हसलो की त्यांनाही हसू आलं. संध्याकाळपर्यंत "बुधवार" छापलेल्या बारीक पट्ट्या आल्या. चिकटवायचं काम नातीनं घेतलं. एकही पट्टी तिरकी लागली नाही. माझी एक लागली, ती तिनं काढून पुन्हा लावली.

लग्नाला तिला न्यावं की नाही, हा प्रश्न होता, कारण बँडचा आवाज तिला सोसत नाही. मग पत्रिका पुढ्यात ठेवून आम्ही आधीच सगळं ठरवलं. किती वाजता आवाज असेल, तेव्हा कुठे बसायचं, कान झाकायला काय न्यायचं. तासभर ती मजेत बसली, साधा वरणभात जेवली आणि नवरदेवाला म्हणाली, "आम्ही आपली रजा घेतो."

आता दर शनिवारी मी ताईंच्या केंद्रात तिथल्या मुलांना असेच प्रश्न विचारायला जातो. सगळ्यांना पत्रिका आवडत नाहीत, म्हणून ज्या मुलाला जे आवडतं ते त्याची आई घेऊन येते. कोणी मेट्रोचा नकाशा आणतं, कोणी औषधाचा कागद. गेल्या शनिवारी एका मुलानं चॉकलेटचं वेष्टन आणलं होतं. त्यावरचं "थंड जागी ठेवा" त्यानं वाचून दाखवलं.

मी विचारलं, "असं काहून लिहिलं असेल गा?"

वेष्टन उलटसुलट करून पाहत तो म्हणाला, "नागपूर आहे ना."