अप्पांचं पेव आणि माझा अर्धा तास

कॉलेजला सुट्टी लागली आणि मी सोलापूरहून घरी निघालो, तेव्हा घरच सरहद्द ओलांडून अलीकडे आलेलं होतं. आमचं गाव परंड्याच्या बाजूचं, निजामाच्या हद्दीतलं. तिथं धरपकड आणि जाळपोळ वाढली, तशी माय आणि बा गावातल्या इतरांबरोबर बार्शी तालुक्यातल्या एका छावणीत येऊन राहिले होते. मी तिथं पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी छावणी चालवणारे वकीलसाहेब म्हणाले, "कॉलेजात आहात ना? मग धान्याचं तुम्ही बघा."

कुर्डुवाडीहून छोट्या रेल्वेनं ज्वारीची वाघीण बार्शीला यायची. मालधक्क्यावर पोती उतरवून बैलगाड्यांत भरायची आणि छावणीत आणायची, एवढं ते काम. मी एका कागदावर वेळापत्रक मांडलं. गाड्या कधी जुंपायच्या, भरायला किती वेळ, पोचायला किती. आमच्या घरात याआधी कुणी लिहायला शिकलं नव्हतं. त्या कागदाचा मला अभिमान वाटायचा, हे कबूल केलं पाहिजे.

पुढं एक वाघीण आलीच नाही. कुठं अडकली ते कुणी सांगेना. कोठारात दोन दिवसांची ज्वारी उरली. माणसं मात्र रोज येतच होती, ईट, भूम या गावांकडून, कडेवर पोरं घेऊन.

तेव्हा अप्पा पुढं आले. अप्पा आमच्या गावचे लिंगायत व्यापारी. आता तेही आमच्यासारखेच चटईच्या झोपडीत राहत होते. वकीलसाहेबांना म्हणाले, "गावाबाहेर मळ्यात माझं पेव आहे. दिवाळीत निम्मं उपसलं, निम्मं तसंच झाकलंय. घेऊन या."

आमच्याकडं ज्वारी जमिनीखाली साठवतात. तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि वर शिळा ठेवून माती ओढायची. तेच पेव. अप्पांचं पेव सरहद्दीपासून दीड कोसावर होतं. तिकडून धान्य बाहेर काढायला बंदी होती. निजामाच्या गस्तीनं पकडलं तर गाड्या जातील आणि माणसं परत येतील याची खात्री नाही. पण परंड्याच्या बाजारादिवशी गस्त तिकडं असते आणि दिवस कलल्यावर परतते, हे सगळ्यांना माहीत होतं.

अप्पा गाडीवान जमवायला गेल्यावर वकीलसाहेबांनी मला विचारलं, "पेव उघडायला किती वेळ धरायचा?"

मला माहीत नव्हतं. पण "माहीत नाही" म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, "अर्धा तास."

बा दाराशी उकिडवे बसले होते. अप्पांची पेवं उघडायची आणि आत उतरून ज्वारी भरून द्यायची, हे त्यांचं जन्माचं काम. मला मात्र त्यांनी कधी पेवाजवळ येऊ दिलं नव्हतं. "तुजी शाळा बघ," म्हणायचे. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला तो होकार वाटला. चार शहाण्यांपुढं लेकाचं बोलणं त्यांना खोडायचं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

बाजारादिवशी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून सहा गाड्या निघाल्या. दुपारी मळ्यात पोचलो. माती ओढली, शिळा सरकवली. आतून आंबूस, कोंदट वाफ आली. बांनी कंदील पेटवून दोरानं खाली सोडला. पुरुषभरही गेला नसेल, विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

"पेव रातभर उघडं ठेवतात ते काय उगाच न्हाय," अप्पा हळू आवाजात म्हणाले. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

हवेपेक्षा जड असणाऱ्या आणि ज्योत विझवणाऱ्या वायूबद्दल मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. ते पान मला कंदील विझल्यावर आठवलं.

बांनी घोंगडी दोराला बांधली आणि ती पोहऱ्यासारखी खालीवर करू लागले. आतली हवा अशी ढवळून काढतात. अर्धा तास गेला, मग आणखी तेवढाच. एक गाडीवान लिंबाच्या झाडावर चढून रस्ता बघत होता. तो वरून म्हणाला, "मास्तर, तुमचा अर्धा तास लई लांबला की."

थोड्या वेळानं तोच वेगळ्या आवाजात म्हणाला, "धूळ दिसायलीय. परंड्याच्या रस्त्याला."

कंदील आता निम्म्यापर्यंत जळत जात होता. त्याच्या खाली मिणमिणायचा. रिकाम्या गाड्या घेऊन फिरावं तर छावणीत परवापासून चूल पेटणार नव्हती. मी बांना विचारलं, "बा, जमंल का आता?"

मी विचारलं होतं. पण सगळ्यांचं काम माझ्या हाती होतं, तेव्हा माझं विचारणं हाच हुकूम होता. ते एवढंच म्हणाले, "बांध दोर."

काखेखालून दोर बांधून ते उतरले. एक पाटी वर आली. दुसरी आली. तिसरीच्या वेळी पाटीचा दोर हलेना. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग आम्ही चौघांनी बांच्या काखेचा दोर ओढला, हात सोलेपर्यंत ओढला. बांची मान छातीवर पडलेली होती.

त्यांना वाऱ्याच्या अंगाला निजवलं. अप्पांनी तोंडावर पाणी मारलं. मी टोपीनं वारा घालत होतो आणि त्यांच्या पोटाकडं बघत होतो, हलतं का म्हणून. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांना खोकला आला, उलटी झाली. डोळे न उघडताच ते म्हणाले, "पाटी खालीच ऱ्हायली."

मी उठलो. गाडीवानांना म्हणालो, "अर्धा तास मी अंदाजानं सांगितला होता. मला पेवातलं काही कळत नाही. अप्पा, इथून पुढं तुम्ही सांगाल तसं."

अप्पांनी मला एका शब्दानंही दुखवलं नाही. त्यांनी गाड्या ओढ्यात उतरवल्या, बांना गाडीच्या सावलीत नेलं आणि पेवाच्या तोंडावर कडबा पसरवला. धुळीतून घोडी निघाली. गस्तच होती. ओढ्यात आम्ही बैलांची तोंडं धरून उभे होतो. बांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यांनी धोतराचा बोळा तोंडात कोंबला. घोडी रस्त्यानं सरळ गावाकडं गेली.

मग पुन्हा घोंगडी. पाळीपाळीनं, न बोलता. कंदील तळाला टेकून जळायला लागला, तेव्हाच एक तरणा गाडीवान उतरला. बा उठू बघत होते. अप्पा म्हणाले, "गप पड. आज तुजं झालं." उजेड होता तोवर तीन गाड्या भरल्या. तीन रिकाम्याच परतल्या. पेवाचा वास लागलेली ती लालसर ज्वारी वाघीण येईपर्यंत पुरली.

छावणीत शिरलो तेव्हा माय झोपडीबाहेर उभी होती. बांनी सदरा काढला आणि तिनं काखेखालचे वळ पाहिले, लाल, सुजलेले.

"हे काय?"

"दोराचं हाय. नेहमीचंच," बा म्हणाले.

"नेहमी आसं न्हाय उमटत."

"काढताना जरा घाई झाली गड्यांची."

तसंच राहू दिलं असतं तर तिनं मानलं असतं. मी म्हणालो, "माय, घाई माझी होती. हवा चांगली व्हायच्या आधीच म्या उतरवलं."

बा रागानं म्हणाले, "तू गप रे."

माय रडेल असं मला वाटलं. ती आत गेली आणि वाटीत थोडं तेल घेऊन आली. वाटी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "मग तूच चोळ. हळू चोळ, कातडं निघालंय."

मी हाताला तेल लावलं. बांनी पाठ फिरवली नाही, हात वर केले.