उपविजेत्याची शाल

बर दुबईतल्या मंडळात क्रीडातज्ज्ञांची कधी वानवा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट पाहणारी ही माणसं विघ्नेशच्या खेळाबद्दल मात्र अधिकारवाणीनं बोलत.

विघ्नेश अल मनखूलमध्ये लहानाचा मोठा झालेला. आठवडाभर अल क्वोजमधल्या टाइल्सच्या गोदामात माल रवाना करायचा आणि शनिवारी हौशी लीगमध्ये फ्लॅग फुटबॉल खेळायचा. हा अमेरिकन फुटबॉलचाच सौम्य अवतार; यात कुणी कुणाला लोळवत नाही, कमरेची पट्टी ओढली की झालं. विघ्नेश क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. झेलणारे दुसरे, पळणारे दुसरे, हरल्यावर शिव्यांचा धनी मात्र तो एकटा.

सबंध हंगाम तो संघाला ओढत फायनलपर्यंत न्यायचा आणि फायनल हरायचा. एकदा नाही, तीनदा. त्यामुळे आधी जिंकलेले सगळे सामने मंडळानं परस्पर रद्द केले होते. महाराष्ट्र दिनाला गुणवंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा, पण अध्यक्ष बाबाजीकाकांचा नियम पक्का होता. "उपविजेत्याला शाल दिली तर चॅम्पियनला काय, गोधडी द्यायची?"

तिसरी फायनल तर जिव्हारी लागली. शेवटच्या खेळीत विघ्नेशनं फेकलेला चेंडू अर्सलानच्या दोन्ही तळव्यांत अलगद आला आणि निसटला. अर्सलान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याआधीच्या दोन सामन्यांत त्यानं चेंडू सोडले होते आणि आणखी एक सोडला तर कोच त्याला संघातून काढणार होता. कोच आणि प्रेक्षक उभे होते अर्सलानच्या पाठीमागे, त्यामुळे नीट कुणालाच दिसलं नाही.

"हातात आला होता का?" कोचनं विचारलं.

"नो कोच, माय बॅड," विघ्नेश म्हणाला. "थ्रोच उंच गेला."

एवढं पुरलं. इतकं झटपट एकमत मंडळात भाडेवाढीवरही झालं नव्हतं. "प्रेशर, दुसरं काय! मोठ्या मॅचचा प्लेयरच नाही तो," असं बाबाजीकाकांनी विघ्नेशच्या आईसमोर, तिनंच तळलेला बटाटेवडा खात सांगितलं. विघ्नेशला ते लागलं, फार लागलं. गुडघा कुरकुरत होता. अजून एक हंगाम, मग खलास. त्यानंतर फायनल हरणारा विघ्नेश हीच त्याची ओळख कायमची उरणार होती.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा शेवटची खेळी, पुन्हा अर्सलानच मोकळा. ऐन वेळी विघ्नेशच्या गुडघ्यानं दगा दिला आणि चेंडू खरोखरच उंच गेला. इतका, की त्यानं डोळेच मिटले. अर्सलाननं कुठून बळ आणलं कोण जाणे, उडी मारून एका हातानं चेंडू खाली ओढला आणि छातीशी धरला. संघ जिंकला.

दुसऱ्या दिवसापासून तिन्ही पराभवांची तपश्चर्या झाली. बाबाजीकाकांना विघ्नेशमधला चॅम्पियन पहिल्यापासून दिसत होता; सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

सत्काराला अर्सलान पत्नी नौशीनसोबत पहिल्या रांगेत बसला होता. विघ्नेशच्या खांद्यांवर शाल घालून बाबाजीकाका माइकवर म्हणाले, "गेल्या वर्षी याचा थ्रो उंच गेला. पण यानं चूक सुधारली. काय तो यंदाचा थ्रो!"

विघ्नेशला राहवेना. त्यानं माइक घेतला. "काका, यंदाचा थ्रो वाईट होता. अर्सलाननं वाचवलं. ही शाल त्याची आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात विनय!" बाबाजीकाकांनी डोळे पुसले आणि शाल त्याच्याभोवती आणखी घट्ट गुंडाळली.

अर्सलान ताडकन उठला. "सच बोल रहा है वो! और पिछले साल बॉल मैंने छोड़ा था!"

"आणि याला म्हणतात दोस्ती!" टाळ्या दुप्पट झाल्या. नौशीनसुद्धा कौतुकानं टाळ्या वाजवत होती.

आयुष्यातला सगळ्यात सुंदर थ्रो आपण गेल्या वर्षी फेकला होता, हे आता शपथेवर सांगितलं तरी कुणी मानणार नाही, हे विघ्नेशला कळून चुकलं. त्यानं मुकाट्यानं नारळ घेतला.