मोटारीला लागलेला शिंगाचा रंग

बेंबळीच्या तेल विकणाऱ्या मावशीनं हात धरला नसता, तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. करडईच्या तेलाचा वास आला, की अजून तो दिवस आठवतो. निजामाच्या राज्यात मी एका साहेबांची मोटार चालवायचो; शाळा चौथीतच सुटलेली, घर लांब नांदेडकडं, दुसरा आधार नव्हता. पोळ्याच्या दिवशी साहेब बेंबळी गावच्या मशिदीत नमाजाला गेले आणि मिरवणुकीतला एक बैल काळ्या मोटारीला घासून गेला. दारावर शिंगाच्या ओल्या रंगाचा लालभडक पट्टा उमटला. घाबरून मी जवळच्या चुलीतली राख मुठीत घेतली, तसं शेजारीच तेल विकत बसलेल्या मावशीनं मनगट धरलं. "आरं, पितळंचा तांब्या हाय व्हय त्यो? राखंनं चरे पडतील की." तिनं बोटानं पट्ट्याला तेल लावलं, जरा मुरू दिलं, मग नेसत्या लुगड्याचा मऊ पदर फाडून हलकं हलकं पुसू लागली. मशिदीतून माणसं बाहेर पडत होती. "मावशी, आटपा, साहेब आले." "येऊ दे. जोर केला तर मोटारीचाबी रंग निघंल." ती बाजूला झाली आणि साहेब आले. त्याच चकचकीत दारात वाकून, आरशात बघावं तसं बघत त्यांनी आपली दाढी नीट केली अन् गाडीत बसले. मावशीशी एक शब्द बोलायलाही मला थांबता आलं नाही. नवं लुगडं घेऊन मी एक दिवस बेंबळीला जाणार आहे.