मामाचं शेत आणि वाटेतली तीन जेवणं

खरं सांगू? मला कुठेच जायचं नव्हतं. ऑफिसने जीव नकोसा केला होता. पण मामीचा फोन आला, "येळवसेला या." मार्गशीर्ष अमावस्येला अक्कलकोटकडची माणसं घरदार घेऊन शेतात जेवायला जातात, ती येळवस. मामाच्या मुलीच्या लग्नाला आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेली नाही, तेव्हापासून तिचा हा धाकटा भाऊ तिच्याशी बोलत नाही. आई म्हणाली, "यंदा त्याच्या शेतात जेवून येते. बोलला तर बोलला." मग काय, निघालो.

पुणे-सोलापूर रस्ता चांगला आहे, टोल मात्र पुरे म्हणेपर्यंत. रात्री सोलापुरात थांबलो. साधं लॉज हजाराच्या आत मिळतं. सकाळी बाजारात बोरं, पेरू, हरभऱ्याचे डहाळे, कोवळ्या गाजरांचे ढीग. एवढा ताजा माल समोर असून मला फक्त चहा हवा होता.

अक्कलकोटच्या पुढे गावात गाडी लावून शेतांमधून चालत जावं लागतं. तिथेच फसलो. येळवसेला वाटेवरच्या माणसाला उपाशी पुढे सोडत नाहीत.

"या की वो! असं कसं जाताव? घासभर तर खावा!"

आईचं माहेरच ते, नाही कुणाला म्हणणार? पत्रावळीवर भज्जी पडली: तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, मेथी, कांद्याची पात, सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गव्हाची खीर आणि गाडग्यातली गार आंबील. काय चव होती! पुढच्या शेतात पुन्हा तेच. तिसऱ्या शेतात नको म्हटलं, तर तिथली म्हातारी कन्नडमध्ये रागावली. मला शब्द कळला नाही, पण आई निमूट खाली बसली.

मामाच्या शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीशी, म्हणजे झोपडीशी, पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सगळे आमच्यासाठी जेवायचे थांबलेले. मामाने आमच्याकडे बघितलंच नाही. मामीला म्हणाला, "लोकाच्यात जेवून आलं की हे. आता आमच्यात कशाला खातील!"

मला रडूच आलं. एवढा आटापिटा ह्याच्यासाठी केला? आई मात्र ऑपरेशनचा पाय लांब करून बसली, ताट पुढे ओढलं आणि खायला लागली. भाकरी, भज्जी, परत भज्जी. मी हळूच म्हटलं, "आई, पुरे." ऐकेना. कपाळावर घाम आला, घास गिळताना डोळे मिटायला लागली. मामी वाढायला आली तरी हात आडवा केला नाही.

मामा बघत होता. शेवटी त्याने पुढे होऊन ताटच काढून घेतलं.

"बास की गं अक्का! मरतीस का काय?"

"मग बोलायचं की रं आधीच," आई म्हणाली.

मामी पदरात तोंड घालून हसली. मामा तोंड धुवायला म्हणून विहिरीकडे गेला तो बराच वेळ आला नाही.

जाणार असाल तर पंचांगात अमावस्या बघून निघा, आणि ज्याच्याकडे जायचंय त्याच्याकडे आधी जा, वाट वाकडी करून का होईना. मी परत आले तशीच दमलेली. पाठ धरलीय, ऑफिस सुरू झालंय. आई दोन दिवस ओवा आणि मऊ भातावर होती, मग ठणठणीत झाली. मामाचा मात्र रोज संध्याकाळी फोन येतो.

"अक्का, पोट कसं हाय?"

आई पेरू खाता खाता कण्हते. "अजून दुखतंय बघ रं."