हॅलोआबा आणि फाटकाची वायर

आबा कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याला हॅलो म्हणायचे. मिक्सर असो, विहिरीवरची मोटर असो, कुणाचा बंद पडलेला टीव्ही असो. समोर मांडी घालून बसायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि हळूच म्हणायचे, "हॅलो." मग चांगलं अर्धं मिनिट थांबायचे. एकदा विहारातल्या पंख्याला त्यांनी खालून असं हॅलो केलं आणि पंखा फिरायला लागला. वीज आली होती, दुसरं काही नाही. पण त्या दिवसापासून वस्तीत त्यांचं नाव हॅलोआबा पडलं.

टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत खांबामागे खांब धरून पायी फिरलेले. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून अवसरी बुद्रुकपर्यंत कुठे तार लोंबायची आणि कुठे माकडं तिच्यावर झोके घ्यायची, हे त्यांना तोंडपाठ. ते रिटायर झाले तोवर लोकांच्या घरातले फोनच निघून गेले. हॅलो तेवढं आबांकडे राहिलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आदी पलीकडं कोन हाय का बगायचं. मग बोलायचं. तुमी लोकं उलटं करता."

तुमी लोकं म्हणजे मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची, वस्तीच्या रस्ता समितीची सचिव, आणि पत्रक लिहिण्यात कुणाला ऐकत नव्हते. 'जाहीर निषेध' हे शब्द मी वाणसामानाच्या यादीवरही लिहिले असते. माझं प्रत्येक पत्रक आबा पेन्सिल घेऊन वाचायचे. "लीडर," ते म्हणायचे, मला ते लीडरच म्हणत, "काय चालत न्हाई ते दोन पानं लिवलंय. चालतंय काय, ते कुटं हाय?"

"काहीच चालत नाही, आबा."

"मग ह्यो कागद कसा छापला?"

असल्या प्रश्नांचा मला संताप यायचा. चळवळीत पेन्सिल कशाला लागते, हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही.

प्रश्न आमच्या रस्त्याचा होता. कळंबच्या पुढे हमरस्त्यावरून आत वळलं की आमची वस्ती. मध्ये शेजारच्या अण्णांची डाळिंबाची बाग लागते. अण्णांनी एका वर्षी रस्त्यावर गजांचं फाटक बसवलं आणि सांगून टाकलं की इथं रस्ता कधी नव्हताच. झालं. सगळी वस्ती ओढ्यातून वळसा घालायला लागली. त्यात माझ्या वहिनीला सहावा महिना लागला होता. ॲम्ब्युलन्सवाल्याने फोनवर आधीच सांगून ठेवलं, "ताई, वढ्याच्या अलीकडं थांबेन. पुढचं तुमी बगा." पुढचं काय बघायचं? अडलेली बाई खाटेवर घालून ओढ्यातून न्यायची, हेच ना? हा प्रश्न मी चार पत्रकांत विचारला. उत्तर एकालाही आलं नाही.

जुन्या गावनकाशात रस्ता होता. दोन तुटक रेघा, बारीक, पण होत्या. त्या नकाशाची फाइल आम्ही मिळवली. कागदावर काढून अर्जाला जोडली तर कचेरीतून शेरा आला, 'छायाप्रत अस्पष्ट.' मोबाईलवर दाखवली तर दुसरा शेरा, 'चित्र लहान असल्याने ग्राह्य नाही. स्थळपाहणीच्या वेळी मोठ्या पडद्यावर दाखवावे.' डाळिंबाच्या बागेत मोठा पडदा. हे शेरे मी जपून ठेवले आहेत, कुणाला बघायचे असतील तर यावं. माझ्याकडे लॅपटॉप होता, पण एका मोर्चाच्या टेम्पोत त्याच्यावर एक कार्यकर्ता बसला होता. तेव्हापासून त्याचा डावा अर्धा पडदा काळा. रस्ता नेमका डावीकडे. म्हणून समितीने वर्गणी काढून एक हलका, शाळेच्या पाटीएवढा जास्तीचा मॉनिटर घेतला. पिशवीत मावतो, विजेचा वेगळा प्लग लागत नाही, एकाच वायरीने लॅपटॉपला लावला की त्याच्यावर सगळं दिसतं.

दुकानात दिसलं, घरी दोनदा दिसलं. पाहणी दोन दिवसांवर आली तेव्हा दिसेना. मॉनिटरचा दिवा लागायचा, मधोमध 'नो सिग्नल' अशी अक्षरं यायची आणि मग तो झोपी जायचा. मी मंचरला नेला. पहिल्या दुकानदाराने लॅपटॉपात एक ड्रायव्हर टाकला, दुसऱ्याने तो काढला. तिसरा न उघडताच म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय. नवीनच घ्या." मी परत आले आणि मॉनिटर बनवणाऱ्यांविरुद्ध पत्रक लिहायला बसले. पहिली ओळ मला अजून आठवते: 'सिग्नल कुणी अडवला?' वहिनी पाटावर बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, "आबांना बोलाव गं. तुझं पत्रक वाचून त्यो लागनार हाय का?"

आबा आले. विहाराच्या ओट्यावर लॅपटॉप, मॉनिटर आणि वायर असं तिन्ही ओळीने मांडलं. चष्मा वर गेला. "हॅलो." आम्ही सगळे थांबलो. मॉनिटर म्हणाला, नो सिग्नल.

"आयकू आलं त्याला," आबा म्हणाले. "जागा हाय. लीडर, काय चालतंय ते सांग."

"चालत नाही म्हणून तर तुम्हाला..."

"मी चालतंय काय ते इचारलं."

नाइलाजाने मोजलं. लॅपटॉप चालू होत होता. मॉनिटरचा दिवा लागत होता. आबांनी त्या वायरीला माझा मोबाईल लावून बघितला, तो चार्ज व्हायला लागला. "मंजी तार तुटल्याली न्हाई. आता ह्याच वायरीनं मोबाईलातला एक फोटू लॅपटॉपात घे." घेता येईना. मोबाईल चार्ज होत होता, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आबांचा कायदा. वस्तीतल्या घराघरातून वायरी आल्या, ओट्यावर ढीग पडला, आणि एकेक लावून आबांनी तो ढीग एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेला. शेवटी मी लावत होते ती पहिली वायर बोटाला गुंडाळत म्हणाले, "ही वायर जेवू घालती, बोलत न्हाई. वीज पोचवती, चित्र न्हाई पोचवत. हिचा दोष न्हाई, हिला तेवढंच शिकवलंय. खोक्यातून आलेली वायर कुटं हाय?"

खोक्यातली वायर काळी, जाड, आखूड होती. मी पिशवी उपडी केली, घर उपडं केलं. वहिनी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "फाटकाला काय बांधलंवतंस तू?"

इथे मला लिहायला जड जातंय, पण लपवालपवी आमच्या समितीला मान्य नाही. महिन्यापूर्वी आम्ही 'रस्ता आमचा' म्हणून फाटक उघडून मिरवणूक आत नेली होती. परत येताना फाटकाची सुतळी तुटली. आपण गेल्यावर गुरं बागेत शिरली तर अण्णांना आयता मुद्दा मिळेल, म्हणून फाटक जसं होतं तसं बांधून ठेवायचं, हा नियम मीच केलेला. माझ्या एका हातात कर्णा होता, भाषण रंगात आलं होतं. दुसऱ्या हाताने पिशवीत जे लागलं त्याने मी फाटक आवळून बांधलं. रस्ता दाखवणारी वायर रस्ता बंद करायला मीच लावली होती. एवढं कमी होतं म्हणून दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला आणि आदेश निघाला की फाटक व त्याची बांधणी जैसे थे ठेवावी.

मी मंडळ अधिकाऱ्यांना फोन लावला. "साहेब, फाटकाला बांधलीय ती आमची वायर आहे. सोडून घेतो."

"ताई, पंचनाम्यात 'काळी नायलॉन दोरी, दोन्ही टोकांस पत्र्याची टोपणे' असं आहे. दोरी सोडली तर आदेशाचा भंग होईल."

"अहो, कुठल्या पंचांनी दोरी म्हटलं?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "पंच क्रमांक दोन म्हणून तुमचीच सही आहे."

तशी दुसरी वायर मंचरात मिळाली नाही. मागवली तर पाच दिवस लागणार होते, पाहणी परवा होती. मी म्हटलं, उद्या पहाटे जाऊन कापून आणते. आबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "कापलेली वायर कुटं लावनार हायेस?"

पाहणीच्या दिवशी अकरा वाजता फाटकाच्या पलीकडे अण्णा आणि मंडळ अधिकारी, अलीकडे आम्ही. साहेबांच्या दोन्ही हातांत फायली. वायर फाटकाच्या दोन गजांत आवळून बसली होती, एक टोक आमच्याकडे, एक पलीकडे लोंबत. आबा पाटीत लॅपटॉप आणि मॉनिटर घालून आले. आधी वाकून फाटकाकडे बघितलं आणि मग साहेबांना विचारलं, "दोरीला हात लावायचा न्हाई ना?"

"नाही."

"मी लावत न्हाई. मशीन दोरीला लावतो."

साहेबांनी फाइल चाळली. दोरीला मशीन लावू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आबांनी मला लॅपटॉप धरायला लावला आणि तो पुढे सरकवून लोंबत्या टोपणावर बसवला. मॉनिटर गजांमधून तिरका करून पलीकडे दिला. पलीकडे तो धरायला माणूस एकच होता. "अण्णा, जरा धरता का?" आबा म्हणाले. शेजाऱ्याने काही धरायला दिलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, वैर असलं तरी. अण्णांनी धरला, आबा दाखवतील तसा टोपणात बसवला.

"हॅलो," आबा म्हणाले.

आम्ही थांबलो. अण्णा थांबले. साहेबही मान पुढे काढून थांबले, जणू नियमच आहे. आणि अण्णांच्या हातात नकाशा उजळला.

उन्हात दिसेना म्हणून अण्णांनी स्वतःची टोपी काढून वर धरली. मग बराच वेळ ते आत बघत राहिले. "हे माझं घर का?"

"व्हय. हा वढा. हे तुमच्या हिरीचं वळन."

"आन ही तुटकतुटक रेघ?"

"तुमी हुबं हाय तीच," आबा म्हणाले. "ह्या रेघंवर माजे तीन खांब व्हते. तुमच्या बाचा फोन मी ह्याच वाटंनं आणला. पैला कॉल तुमी केला व्हता, हातात चड्डी धरून."

अण्णा हसले. आधी थोडं, मग टोपी हलेपर्यंत. "लई कडकड वाजायचा राव त्यो. आन हितनंच तार ग्येलती, बरूबर." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर साहेबांनी फाइल मॉनिटरवर ठेवून लिहिलंही होतं: 'अर्जदार व जाबदार दोघांनी रस्ता समक्ष पाहिला.'

तीन आठवड्यांनी फाटक निघालं. वायर मला पोचपावतीवर परत मिळाली: 'काळी दोरी, नग एक.' सही करण्याआधी या वेळी मी पावती दोनदा वाचली. आणि पुढच्याच आठवड्यात वहिनीला न्यायला ॲम्ब्युलन्स थेट उंबऱ्याशी आली. भाची आता बालवाडीत जाते. कुठलंही खेळणं हातात घेतलं की आधी त्याला हॅलो म्हणते, हे तिला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

आबांना गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली. त्याच रस्त्याने गाडी आली. मी त्यांच्या पायाशी बसले होते. बागेजवळ गाडी जरा हळू झाली तर डोळे मिटूनच म्हणाले, "फाटक आलं का?" मी म्हटलं, फाटक नाही आता. म्हणाले, "म्हाईत हाय. इचारून बगितलं."

मंचरच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी एक मॉनिटर लावला. हिरवी रेघ चालत होती. अंगाला चार वायरी. आबांनी कष्टाने मान वळवली, चष्मा नव्हता तरी हात कपाळाकडे गेला, आणि त्या पडद्याला हळूच म्हणाले, "हॅलो." नर्सबाईंना वाटलं त्यांनाच हाक मारली. मी त्यांना हाताने थांबवलं. आम्ही दोघी थांबलो, चांगलं अर्धं मिनिट.

"हाय," आबा म्हणाले. "सिग्नल हाय, लीडर. तू जा, पत्रक लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यानंतरचं हे माझं पहिलं लिखाण. निषेध कुणाचा करावा ते कळलं नाही, म्हणून चालत काय होतं ते लिहिलं. पेन्सिल घेऊन वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून दोनदा मीच वाचलं.