भिंतीवरून वर गेलेले मासे

मी जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कितीतरी वर्षं मी मुलांना मासे दाखवले ते बरणीतले: पिवळट पाण्यात तरंगणारे, तोंड उघडं राहिलेले. एकेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं आणि तेव्हा पहिल्यांदा जिवंत मासा हातात धरला. दोन सेकंदांत सोडूनही दिला, हे खरं सांगायला हरकत नाही. तो माझ्याकडे इतक्या रागानं पाहत होता की मला आमच्या प्राचार्यांची आठवण झाली.

विषय सरांनी सुचवला होता. सर धुळ्याचे, माझे मार्गदर्शक, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातून उतरून तापीकडे जाणाऱ्या एका लहान नदीवर दोन पुरुष उंचीचा जुना सिमेंटचा बंधारा आहे. पावसाळ्यात महाशीर जातीचे मासे अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या स्वच्छ खडकाळ पाण्यात जातात. वाटेत ही भिंत येते. मासा उडी मारतो, भिंतीवर आपटतो, खाली पडतो. परदेशात अशा भिंतींच्या कडेनं माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधतात. आपल्याकडे रीतसर परवानगी काढून एक साधा दगडी उतार बांधायचा, त्यावरून थोडं पाणी सोडायचं आणि मासे चढतात का ते बघायचं, एवढंच माझं संशोधन.

उतार बांधून झाला त्या दिवशी अक्का आम्हाला पहिल्यांदा भेटली. पलीकडच्या पाड्यावरची बाई, साठीच्या पुढची, काटक, डोक्यावर बांबूची पाटी. पावसाळ्यात बंधाऱ्याखाली मासे धरायची आणि बाकीच्या दिवसांत मिळेल ती मजुरी करायची. तिनं उताराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाई काय शे?"

"माशांसाठी शिडी आहे, अक्का."

"मासाले शिडी? तेले पाय शेतस का, बाई?"

सर गंभीरपणे तिला समजावायला लागले. प्रवाहाचा वेग, उताराचा कोन. अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाटी उचलून निघून गेली.

उन्हाळ्याच्या शेवटी, बंधाऱ्याखालचा डोह आटून लहान झाला होता तेव्हा आम्ही मासे पकडून त्यांच्या पोटात चिप बसवल्या. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि प्रत्येकीला वेगळा नंबर असतो. उताराच्या वरच्या टोकाला, मासा जिथून बाहेर पडणार त्या जागी, तारेची एक चौकट पाण्यात उभी केली. चिपवाला मासा त्या चौकटीतून गेला की काठावरच्या पेटीत 'टिंग' वाजायचं आणि नंबर नोंदला जायचा. चिप घालताना माशाला गुंगी यावी म्हणून पाण्यात लवंगेचं तेल टाकतात. आठवडाभर माझे हात, पर्स, वह्या, सगळ्याला मसालेभाताचा वास येत होता. अक्का रोज येऊन बघायची. एकदा तिनं वाकून बादलीचा वास घेतला.

"आतेपासूनच मसाला लाई राहिनात का?"

मी इतकी हसले की हातातला मासा निसटला आणि नंबर न लिहिताच पाण्यात गेला.

पावसाळा सुरू झाला. नदी भरली, ओसरली, पुन्हा भरली. मी शनिवार-रविवार एसटीनं चोपड्याला जायचे, तिथून केळीच्या बागांमधून रिक्षानं पुढे, शेवटचा तुकडा पायी. उताराशी बसायचे. पेटी गप्प. श्रावण लागला तरी पेटी गप्पच. माझ्या मनात येऊ लागलं, चौकट बिघडली असेल, बॅटरी उतरली असेल, मासे मेले असतील. एक चिप हातात धरून पाण्यातून फिरवून पाहिली. टिंग. चौकट ठणठणीत होती. मासेच येत नव्हते.

आणि एका रविवारी सकाळी, मी काठावर कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसले असताना, पेटी वाजली.

टिंग.

भाकरी हातातून पडली. पेटी पुन्हा वाजली. तोच नंबर. मग पुन्हा. मी धावत रस्त्यापर्यंत गेले, कारण फोनला रेंज तिथेच यायची, आणि सरांना कळवलं. सर म्हणाले, "एक मासा म्हणजे निष्कर्ष नव्हे, मॅडम." पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चिरका झाला होता. दुपारी ते धुळ्याहून हजर झाले. हातात पेढ्यांचा पुडा.

पेटी वाजतच होती. एकच नंबर, थोड्या थोड्या वेळानं, कधी लागोपाठ. सर म्हणाले, "दमलाय. चढून आल्यावर चौकटीजवळच विसावा घेतोय. ही फार महत्त्वाची वर्तणूक आहे, लिहून घ्या." मी लिहून घेतलं. ते बोलत गेले, मी लिहीत गेले, आणि दोन पानं भरली. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण शास्त्रज्ञ आहोत असं वाटलं. पेढा इतका गोड लागला की मी दुसरा घेतला, मग तिसरा.

तेवढ्यात अक्का पाटी घेऊन आली. आमचे चेहरे बघून थबकली. मी तिला सांगितलं, मासा चढला, वरच्या टोकाला विसावा घेतोय. ऐकू येतंय का, तोच वाजतोय. अक्कानं चौकटीकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

"तो दखा तुमना मासा. पंख सुकाडी राहिना."

चौकटीच्या वरच्या दांडीवर एक पाणकावळा दोन्ही पंख पसरून बसला होता. काळाकुट्ट, पोट टम्म. मी तो सकाळपासून पाहत होते, सरही आल्यापासून. आमच्या नजरेत तो होता आणि नव्हताही. अक्कानं एक खडा मारला. पाणकावळा उडाला. पेटी गप्प झाली. तो एक चक्कर मारून पुन्हा दांडीवर येऊन बसला.

टिंग.

आमचा मासा खरोखरच बंधाऱ्याच्या वर पोहोचला होता. पाणकावळ्याच्या पोटात बसून.

मी सरांकडे पाहायला धजत नव्हते. सर पेढा हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं, त्यांना काही त्रास होतोय. मी त्यांना धरायला गेले तर ते ओल्या दगडावर मटकन बसले आणि हसत सुटले. या माणसाला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, चष्मा हातात, आणि मध्येच कसेबसे शब्द: "महत्त्वाची वर्तणूक... विसावा..." मग मीही बसले. अक्का आमच्याकडे बघत एक पेढा तोंडात टाकून उभी राहिली. तिलाही हसू आवरेना. पाणकावळा वाळला आणि उडून गेला.

हसणं ओसरल्यावर अक्का म्हणाली, "तुमनी शिडी मुकी शे."

"मुकी म्हणजे?"

तिनं मला उठवलं आणि बंधाऱ्याखालून दुसऱ्या काठाला नेलं. आमचा उतार डाव्या काठाला होता, कारण रस्ता तिकडून जवळ आणि दगड आणायला सोपं. पण भिंत थोडी तिरकी आहे. बहुतेक सगळं पाणी उजव्या काठाला कोसळतं. तिथे इतका आवाज की बोलणं ऐकू येईना. अक्कानं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पाणी जठे गरजस, तठे मासा जास. तुमनाकडे पाणी बोलतच नही."

मी खाली पाहिलं. फेसातून एक मासा वर उडाला, भिंतीवर थाडकन आपटला, पडला. दुसरा उडाला. तिसरा. महाशीर, वीतभर, हातभर. आमचे चिपवाले, बिनचिपवाले, सगळे इथे गर्दी करून होते, एकावर एक. मी सगळा पावसाळा पलीकडच्या काठावर भाकरी खात त्यांची वाट बघत बसले होते.

अक्का इथेच पाटी लावायची. उडालेला मासा पडताना पाटीत यायचा. हे तिचं उघड गुपित होतं, आणि ते तिनं आपण होऊन मला दाखवलं होतं. हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"अक्का, पण मासे तिकडून वर गेले तर तुमच्या पाटीत काय येणार?"

ती काठावर, आवाज कमी होता तिथे, बसून म्हणाली, "मी न्हानी व्हतू तवय वरला डोहम्हा बी मासा व्हतात. आते एक नही. वर गयात तर पोरंसोरं लिसन खाले येतीन. आठेच बठ्ठा मरी गयात तर मी काय धरू?"

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. वर गेले तर पिल्लं घेऊन खाली येतील, इथेच संपले तर मी काय धरणार? सरांनी वही मागितली, मघाची दोन पानं काळजीपूर्वक फाडली आणि नवीन पानावर अक्काचं वाक्य लिहिलं.

पुढची परवानगी आणि पुढचा पावसाळा यायला वर्ष गेलं. भिंत हलवता येत नव्हती आणि उतार पाडून दुसरीकडे बांधणं शक्य नव्हतं. मग पाणीच हलवायचं ठरलं. पाड्यावरच्या बायकांनी एका सकाळी खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली आणि उजव्या काठाला भिंतीच्या माथ्यावर ती रचली. पाण्याची धार हळूहळू डावीकडे सरकली. आमच्या उतारावर आता पाणी बोलायला लागलं, चांगलं मोठ्यानं. चौकटीच्या दांडीवर मी स्वतः बाभळीच्या काट्या बांधल्या, म्हणजे कुणी पाहुणा येऊन बसायला नको.

पूर आला आणि ओसरला. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आणि मी उताराच्या कडेला बसलो होतो. पाणी गढूळ होतं, पण उतारावर पातळ, त्यामुळे दगड दिसत होते. अचानक एका दगडामागे काहीतरी चमकलं. सोनेरी पाठ. ती थांबली, शेपूट हललं, आणि पुढच्या दगडामागे गेली. तिथे पुन्हा थांबली.

अक्कानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

मासा एकेक दगड करत वर सरकत होता. एकदा मागे घसरला. आम्ही दोघीही श्वास धरून. मग त्यानं जोर केला, पाण्याबाहेर अर्धा दिसला, आणि वरच्या शांत पाण्यात शिरला.

टिंग.

"चढना, बाई," अक्का हळूच म्हणाली. "चढना."

मी चौकटीकडे पाहिलं. दांडीवर फक्त काट्या होत्या.

त्यानंतर काय काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येत नाही. दुसरा आला, मग दोन एकदम. पेटी वाजली, मग पुन्हा वाजली, दर वेळी वेगळा नंबर. ज्यांच्यात चिप नव्हती ते न वाजता गेले, त्यांच्यासाठी अक्का एकेक खडा बाजूला ठेवू लागली. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. सरांना फोन करायला धावले आणि चिखलात आडवी झाले. उठले तेव्हा केसांपर्यंत चिखल होता आणि मला हसू आवरत नव्हतं. सर आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडूनच. ते काठावर सरळ पालथे झोपले, नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर ठेवून, आणि तासभर तसेच राहिले. कुणी काही लिहून घ्यायला सांगितलं नाही.

संध्याकाळच्या एसटीत मी चिखलानं माखलेली, खिडकीशी बसून एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं हळूच पिशवी पलीकडे घेतली. कंडक्टर तिकीट द्यायला आला.

"काय झालं, मॅडम?"

"मासा चढला."

त्यानं गाडीभर नजर फिरवली. "कोणत्या स्टॉपला?"

मी पुन्हा हसत सुटले. जळगाव येईपर्यंत हसून हसून पोट दुखत होतं.

सगळे मासे चढले नाहीत, हे माझ्या प्रबंधात स्पष्ट लिहिलं आहे. बरेच उतारापर्यंत आलेच नाहीत, काही अर्ध्यातून परतले, आणि एका मोठ्या पुरात आमची पोती वाहून गेली. ती पुन्हा रचावी लागली, दर वर्षी रचावी लागतात. पण दिवाळीनंतर अक्का म्हणाली, चाल, वर जाऊ. आम्ही तिघं बंधाऱ्याच्या वर, नदीच्या कडेनं चालत गेलो, सरांना दोनदा थांबावं लागलं. ती तिच्या लहानपणीच्या डोहापाशी येऊन थांबली. पाणी आरशासारखं होतं. तळाच्या गोट्यांवर बोटभर लांबीची पिल्लं, एकदम वळणारी, एकदम थांबणारी.

अक्कानं चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. मला म्हणाली, तूही सोड. मी सोडले. पिल्लं लांब गेली, मग एकेक करत परत आली आणि माझ्या अंगठ्याला चोखू लागली. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी पाय ओढून घेतले आणि पुन्हा सोडले. सर जरा लांब उभे होते. मग त्यांनीही बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.