पंपमामांचा वटवट्या

पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला सगळे पंपमामाच म्हणायचे. बोलणं मोठ्यानं, त्या धडधडीत हळू बोलून कुणाला ऐकू जाणार? कान मात्र असे तिखट, की पंप चालू असतानाही मागच्या बोरूच्या बेटात वटवट्या पक्षी आला की ह्यांना कळायचं. मूठभरही नसलेला जीव. थंडी सरली की उत्तरेकडे जाताना तिथं चार दिवस टेकायचा, किडेमुंग्या खाऊन अंगात बळ धरायचा आणि पुढची वाट पकडायचा.

ही गोष्ट मामांनी केस कापताना न्हाव्याला सांगितली, तिथंच घोळ झाला. न्हाव्याच्या दुकानातली गोष्ट कधी लपून राहिलीय? रविवारी पहाटे पंधरा माणसं दुर्बिणी नि कॅमेरे गळ्यात अडकवून हजर!

दहा खिशांचं जाकीट घातलेला म्होरक्या म्हणाला, "काका, अर्धा तास पंप बंद ठेवाल का? आवाजानं पक्षी बुजतात."

मामांना कौतुकच वाटलं. पाखरांची काळजी असलेली माणसं! नळाखाली बादल्या लागल्या असतील हे माहीत असूनही त्यांनी पंप थांबवला.

तर म्होरक्यानं खिशातून फोन काढला आणि वटवट्याचाच आवाज लावला. दुसरा कुणी जागा बळकावायला आला असं वाटून बिचारा बाहेर आला, गळा फुगवून या काडीवरून त्या काडीवर थयथयाट करू लागला. कॅमेरे खटाखट वाजले.

"परत लावा हो, माझा फोटो हलला!"

सहा वेळा लावलं. मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तो जेवायला थांबलाय, भांडायला नाही!"

"काही होत नाही हो काका त्याला."

"तुमच्या ताटापुढं येऊन कुणी शिव्या घातल्या, तर उतरेल घास?"

"दोनच मिनिटं, काका."

आवाजानं पक्षी बुजतात म्हणे! मामा तडक आत गेले आणि हिरवं बटण दाबलं. धडधड धडधड! फोनचा आवाज त्यात कुठल्या कुठं बुडाला. म्होरक्या दारात येऊन हातवारे करू लागला.

मामांनी कानामागं हात धरला. "काय म्हणता? ऐकू येत नाही!"

मंडळी पाय आपटत गेली. वटवट्याला त्या धडधडीचं काय? तो गुपचूप बोरूत उतरला आणि किडे टिपू लागला.

पुढच्या महिन्यात न्हाव्यानं विचारलं, "काय मामा, आणखी कुठला पक्षी आलाय का?"

"कसला पक्षी? तू कात्री चालव."